खाटीक टेड सोअरबीची दोन गुपितं

टेड सोअरबी हा इंग्लंडच्या उत्तरेकडचा सगळ्यात लाडका खाटीक, आणि त्याने उभ्या आयुष्यात एक कोंबडीसुद्धा कापलेली नव्हती. कारण टेड होता फक्त टीव्हीवर. दर मंगळवारी आणि गुरुवारी, संध्याकाळी साडेसातला, 'टॅनर्स क्रॉस' नावाच्या मालिकेत. निळ्या पट्ट्यांचा एप्रन, कानामागे पेन्सिल, आणि बायको आयरीन रागावली की हातातला सुरा खाली ठेवून "चुकलो, राणी" म्हणायची त्याची ती पद्धत! त्या 'चुकलो, राणी'वर अर्धा देश जीव टाकायचा. बायकांच्या एका मासिकाने लागोपाठ तीन वर्षं त्याला 'देशाचा आदर्श नवरा' म्हणून निवडलं होतं. लँकशरमधल्या कितीतरी खऱ्याखुऱ्या नवऱ्यांनी टेडच्या पायी घरात बोलणी खाल्ली असतील, त्याचा हिशेब नाही.

टेडचं काम करायचा क्लिफर्ड एन्टविसल. वय एक्कावन्न, आवाज खर्जातला, पोट बेताचं. पंधरा वर्षं गावोगावच्या नाटक मंडळ्यांत भाला धरून मागे उभं राहण्यात गेली आणि मग १९७४ साली ही मालिका मिळाली. क्लेगडेल गावात चढणीवरच्या दगडी घरांच्या ओळीत त्याचं घर होतं. आणि त्या घरात दोन गुपितं होती.

पहिलं गुपित असं की क्लिफर्ड मांस खात नसे. मालिकेच्या पहिल्याच आठवड्यात स्टुडिओत अर्धी गाय टांगली होती. वरून दिव्यांचा उकाडा. तीन दिवस तिच्याशेजारी उभं राहून संवाद म्हटल्यावर चौथ्या दिवशी क्लिफर्डच्या घशाखाली सॉसेज उतरेना, ते कायमचंच. पडद्यावर तो जे मीट पाय, म्हणजे मटण भरून भाजलेले पुडे, मिटक्या मारत खायचा, त्यांच्या पोटात अळंबी असायची.

दुसरं गुपित म्हणजे विल्फ पार्जेटर. विल्फ पियानो सुरात लावायचा. शाळांचे, चॅपलांचे, पबांचे. एकोणीस वर्षं तो क्लिफर्डच्या घरात राहत होता. जगाला सांगायला 'भाडेकरू', आणि खरं सांगायचं तर ज्याला आपण संसार म्हणतो तो. दोघांची भांडणं जॅमच्या बाटलीत लोण्याचा चमचा घातल्यावरून व्हायची. यावरून काय ते ओळखा.

विल्फ लाजाळू. चार माणसांत बोलायची वेळ आली की टोपी हातात घेऊन तिची कड मोजत बसायचा. "झाकलेलं बरं," एवढंच त्याचं म्हणणं. क्लिफर्डच्या तरुणपणी या गोष्टीला तुरुंग होता. कायदा बदलून वीस वर्षं झाली, पण सवय कुठली जायला? पोस्टमन आला की विल्फ अजूनही मागच्या खोलीत जायचा.

१९८७च्या ऑक्टोबरात लंडनच्या एका वर्तमानपत्राचा बातमीदार क्लेगडेलमध्ये उतरला. नायजेल प्रॉसर त्याचं नाव. पायात टोकदार बूट, तोंडात गोड भाषा. आदर्श नवऱ्याच्या घरात बायको नाही, याचा वास त्याला लागला होता. दोन दिवस त्याने अख्खी गल्ली हुंगून काढली. दुधवाला म्हणाला, "भला माणूस आहे." पबवाला म्हणाला, "भला माणूस आहे, तुम्ही काय पिणार?" शेवटी तो शेजारच्या आयव्ही शटलवर्थच्या दारात येऊन उभा राहिला.

आयव्ही अठ्ठ्याहत्तर वर्षांची. चाळीस वर्षं गिरणीत माग चालवून कान अर्धे गेलेले, पण डोळे घारीचे. मागांच्या खडखडाटात ओठांवरून बोलणं ओळखायची सवय लागलेली, त्यामुळे खिडकीत बसून समोरच्या फुटपाथवरचं बोलणं तिला 'ऐकू' यायचं. पुढे जे घडलं ते तिने क्लिफर्डला दुसऱ्या दिवशी कुंपणावरून साभिनय सांगितलं.

"त्याला मी आत घेतला, केक दिला," आयव्ही म्हणाली. "म्हणाला, मिसेस शटलवर्थ, त्या घरात काहीतरी लपवतात ना? मी म्हटलं, लपवतात तर! अख्खा देश हादरेल असं लपवतात."

क्लिफर्डच्या हातातली गवत कापायची कात्री खाली पडली. "आयव्ही!"

"ऐक की रे मेल्या. मी म्हटलं, पण मी म्हातारी बाई, माझे सांधे धरलेत, उन्हाची गरज आहे मला. तर म्हणाला, स्पेनला पाठवतो, दोन आठवडे, समुद्रकाठी. मी म्हटलं, माझी बहीण एडना एकटी राहत नाही. तर म्हणाला, दोघी जा."

"आणि तू सांगितलंस?"

"सगळं आधी कागदावर लिहून घेतलं, सही घेतली. मग त्याच्या कानाशी गेले आणि सांगितलं." आयव्हीने कुंपणावर कोपरं टेकवली आणि आवाज खाली आणला. "म्हटलं, बाळा, छाती घट्ट कर. टेड सोअरबी मटण खात नाही."

क्लिफर्डला इतकं हसू फुटलं की खांब धरून खाली बसावं लागलं. आयव्ही मात्र हसली नाही.

"दुसरं मला विचारलंच नाही त्याने नीट," ती म्हणाली. "आणि ते माझ्या मालकीचं नाही विकायला. तुझं आहे नि विल्फचं आहे."

"तुला माहीत होतं?"

"राजा, तुमच्या आणि माझ्या झोपायच्या खोलीत एक विटेची भिंत आहे. विल्फ घोरतो आणि तू त्याला 'कुशीवर हो' म्हणतोस. एकोणीस वर्षं ऐकतेय."

"तू तर बहिरी आहेस!"

"एवढीही नाही."

प्रॉसरने हाती आलं तेच छापलं, कारण एवढी मेहनत वाया कशी घालवायची? पहिल्या पानावर ठसठशीत मथळा: 'खाटीक खातो कोबी!' खाली क्लिफर्डचा मंडईतला फोटो, हातात नवलकोल. दुसऱ्या दिवशी स्टुडिओत फोन थांबेनात. क्लिफर्डला वाटलं होतं लोक हसतील आणि विसरतील. पण उत्तरेत मीट पायची चेष्टा कुणी करत नाही. बर्नलीच्या एका बाईने लिहिलं, "तेरा वर्षं तुमच्यावर विश्वास ठेवला." निर्माते मिस्टर फेल्प्स यांनी त्याला खोलीत बोलावलं. फेल्प्सचा चेहरा कायम नुकतंच लिंबू चोखल्यासारखा असायचा.

"खाटीक संघाचं नाताळचं जेवण आहे," फेल्प्स म्हणाले. "दरवर्षी तुम्ही प्रमुख पाहुणे असता. या वर्षी तिथे कॅमेऱ्यांसमोर एक सॉसेज खायचं. आख्खं. बातमी खोटी, विषय संपला."

"आणि नाही खाल्लं तर?"

"क्लिफर्ड, टेड अमर आहे असं समजू नका."

जेवण होतं डिसेंबरच्या मध्यावर, दुपारी, मँचेस्टरच्या एका जुन्या हॉलमध्ये. त्या दिवशी सकाळी नाश्त्याला विल्फने वर्तमानपत्र उघडलं. संसदेत नवं कलम येत होतं. नगरपालिकांनी समलिंगी माणसांना उत्तेजन मिळेल असं काही करायचं नाही. अशी नाती म्हणजे कुटुंबच, असं शाळेत शिकवायचं नाही. त्या कलमाच्या भाषेत अशी घरं म्हणजे कुटुंबाचं ढोंग. विल्फने ती ओळ हळू आवाजात वाचली, पेपरची नीट चौकोनी घडी घातली, आणि म्हणाला, "टोस्ट जळतोय तुझा." बस, एवढंच. मग तो आपली हत्यारांची पेटी उचलून कुठल्याशा चॅपलला निघून गेला.

क्लिफर्ड मात्र बसमध्ये, फुटपाथवर, हॉलच्या पायऱ्यांवर तो एकच शब्द चघळत होता. ढोंग.

हॉलमध्ये दीडशे खाटीक जमले होते, लाल गालांचे, रुंद मनगटांचे. अध्यक्ष नॉर्मन ग्रिमशॉ म्हणजे एखाद्या कपाटाचा धाकटा भाऊ. जेवणं उरकली. मग चांदीच्या ताटात एकुलतं एक सॉसेज आणण्यात आलं, पाठोपाठ दोन कॅमेरे. क्लिफर्डने उभं राहून काटा उचलला, सॉसेजमध्ये खुपसला, तोंडाजवळ नेला. आणि तिथेच थांबला.

"नाही जमायचं," त्याने काटा खाली ठेवला. "मंडळी, पेपरवाल्याचं खरं आहे. तेरा वर्षं मी मांस खाल्लेलं नाही. तुमच्या पोटावर पाय द्यायचा हेतू नाही, पण त्या पहिल्या गायीने मला हरवलं."

हॉलभर गुरगुर पसरली. कुणीतरी मागून "लाज वाटते का?" म्हणून ओरडलं. आता इथेच खाली बसला असता तर गोष्ट इथेच संपली असती. पण क्लिफर्डची जीभ सुटली होती.

"थांबा, आता उभाच आहे तर दुसरंही सांगून टाकतो," तो म्हणाला. "आदर्श नवरा म्हणून तुम्ही माझा फोटो दुकानात लावता. तर मी नवरा आहे हे खरं आहे. फक्त आयरीनचा नाही. माझ्या घरात एकोणीस वर्षं जो भाडेकरू राहतो, त्याने आजवर एक पैसा भाडं दिलेलं नाही, आणि मी मागितलेलं नाही. त्याचं नाव विल्फ. आजच्या पेपरात लिहिलंय की आमचं घर म्हणजे ढोंग. मंडळी, ढोंग मी टीव्हीवर करतो आणि त्याला बक्षीस मिळतं. घरी आलो की ढोंग बंद."

एका टेबलावरचे सहाजण उठले आणि खुर्च्या ढकलून चालते झाले. मागून आणखी तिघे. नॉर्मन ग्रिमशॉ मात्र बसल्या जागी विचार करत होता, आणि त्याचा विचार चालू असला की तो दिसायचा. कपाळावर आठ्या एकेक करून चढायच्या.

"हा विल्फ," शेवटी तो म्हणाला, "तो मटण खातो का?"

"खातो," क्लिफर्ड म्हणाला. "दर रविवारी, दोन चॉप."

"कुणाकडून आणतो?"

"क्लेगडेलच्या बाजारातून. हॅलिवेलकडून."

चौथ्या टेबलावरचा एक बुटका माणूस ताडकन उभा राहिला. "विल्फ? पियानोवाला विल्फ? अहो, तो माझं गिऱ्हाईक! बारा वर्षं! 'चरबी काढू नका मिस्टर हॅलिवेल' म्हणतो. चरबीची किंमत कळणारा माणूस आहे तो!"

"झालं तर मग," ग्रिमशॉ म्हणाला. "घरात एकजण खातोय. निम्मं बरोबर आहे." आणि त्याने ते चांदीचं ताट स्वतःकडे ओढून सॉसेज दोन घासांत संपवलं.

हशा झाला, टाळ्या पडल्या, कॅमेऱ्यांचे दिवे लखलखले. क्लिफर्ड घरी परतला तो तरंगतच. बसमधल्या अनोळखी बाईला त्याने "मेरी ख्रिसमस" म्हणून टोपी काढून दाखवली. दार उघडलं तर विल्फ बाहेरच्या खोलीत कोट घालून बसलेला, पायाशी बॅग.

"चॅपलात होतो," विल्फ म्हणाला. "पियानोच्या पोटात डोकं होतं माझं. पाद्रीबुवांची बायको रेडिओ ऐकत होती. तिथून कळलं मला माझं नाव."

"विल्फ, ऐक, त्यांनी टाळ्या वाजवल्या रे..."

"तुला वाजवल्या. तू तुझं गुपित सांगितलंस, छान केलंस. माझं कुणाला विचारून सांगितलंस?"

क्लिफर्डने तोंड उघडलं. तेरा वर्षं ज्या शब्दांनी अर्धा देश विरघळवला होता ते ओठांवर आलेच होते, पण विल्फने बोट वर केलं.

"ते टीव्हीतलं वाक्य बोललास, तर ही बॅग तुझ्या डोक्यात घालेन."

आणि तो मोरकॅमला, आपल्या बहिणीकडे, डोरीनकडे निघून गेला.

नाताळ क्लिफर्डने एकट्याने काढला. आयव्ही स्पेनला गेलेली. घरात एवढी शांतता की जॅमच्या बाटलीत मुद्दाम लोण्याचा चमचा घालून बघितला. कुणी ओरडलं नाही. पत्रं मात्र पोत्याने येत होती. काही शिव्यांची, काही बायबलमधल्या ओळींची, आणि मधूनच एखादं असं की ते वाचून तो पायरीवर बसून राही. स्कंथॉर्पच्या एका निवृत्त बसचालकाने लिहिलं होतं: "आम्हीही दोघं होतो. एकतीस वर्षं. मागच्या वर्षी तो गेला. त्याच्या दफनाच्या वेळी मी मागच्या रांगेत बसलो होतो, शेजारी म्हणून."

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात क्लिफर्ड मोरकॅमला गेला. विल्फच्या नावाने आलेली पत्रं त्याच्या खिशात होती. समुद्रावरून बोचरा वारा सुटला होता. डोरीनने दार उघडलं, त्याला वरून खालपर्यंत न्याहाळलं.

"गाढवा," ती म्हणाली, "ये आत. मला सत्तर सालापासून माहीत आहे. दोन पुरुष राहतात आणि चादर विकत घेतात ती एकच, दुहेरी पलंगाची. मी आंधळी आहे का?"

विल्फ स्वयंपाकघरात बटाटे सोलत होता. क्लिफर्ड समोर बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा न रंगवता बोलला.

"तुला विचारायला हवं होतं. मी फुगलो होतो. आपलं दार मी एकट्यानेच उघडलं आणि वारा तुझ्या अंगावर सोडला. माफी माग म्हणालास तर मागतो, नको म्हणालास तर नुसता बसतो."

विल्फने हात पुसून त्याने आणलेली पत्रं उघडली. पहिलं एका शाळेचं. सध्याच्या वातावरणात आपल्या सेवेची गरज उरलेली नाही. दुसरंही शाळेचं, वाक्य तेच, फक्त टंकलेखन वाईट. तिसरं, चौथं. पाचवं चॅपलचं, त्यात 'जड अंतःकरणाने' हा शब्द जास्तीचा होता. कायदा अजून झालाही नव्हता, पण घाबरणाऱ्यांना घाई असते.

विल्फचे कान आधी लाल झाले, मग गाल. क्लिफर्डने त्याला एकोणीस वर्षांत असं पाहिलं नव्हतं.

"मी मुलांना बिघडवणार?" विल्फ म्हणाला. "मी? तासतासभर पियानोत डोकं खुपसून बसतो मी! पोरांनी माझं तोंडदेखील पाहिलेलं नाही! त्यांना फक्त माझा पार्श्वभाग माहीत आहे!"

डोरीन फस्सकन हसली, आणि मग विल्फलाही हसू आवरेना, आणि हसता हसता त्याने बटाट्याची साल टेबलावर आपटली.

"मोर्चा आहे म्हणे मँचेस्टरला," तो म्हणाला. "फेब्रुवारीत."

"तू येणार?" क्लिफर्डला कानांवर विश्वास बसेना. "म्हणजे माझ्यावरचा राग गेला?"

"अजिबात नाही. तुझ्यावरचा राग रांगेत उभा आहे. आधी यांचा नंबर."

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी मँचेस्टरच्या रस्त्यांत मुंगीला वाट नव्हती. हजारोंनी माणसं आली होती. क्लिफर्डने टेडचा निळ्या पट्ट्यांचा एप्रन चढवला होता. स्टुडिओच्या कपडेपटातल्या बाईने तो न बघितल्यासारखं करून पिशवीत टाकला होता. आयव्ही स्पेनहून तांबूस होऊन आलेली, डोक्यावर गवती टोपी, शेजारी बहीण एडना. आणि विल्फने रात्रंदिवस खपून सुबक अक्षरांत एक फलक रंगवला होता: 'आम्ही ढोंग करत नाही. ढोंगी हा आहे.' खाली बाण. विल्फ सगळा रस्ता अशा बेताने चालत होता की बाण बरोबर क्लिफर्डवर यावा.

"हे कधी संपणार?" क्लिफर्डने विचारलं.

"चौकापर्यंत तरी नाही," विल्फ म्हणाला.

चौकात व्यासपीठ होतं. कुणीतरी क्लिफर्डला ओळखून वर ढकललं. त्याने भाषण तयार केलं नव्हतं. समोर मैलभर माणसं. कुठूनतरी एक बाई ओरडली, "टेड, ते म्हण की!" आणि मग सगळेच ओरडू लागले, "म्हण की! म्हण की!"

क्लिफर्ड माइकजवळ गेला.

"आज नाही म्हणणार," तो म्हणाला. "आज चुकलेला मी नाही."

लोकांनी केलेल्या गर्जनेने कबुतरं उडाली. त्या गदारोळात एडनाने आयव्हीला विचारलं, "काय म्हणाला गं?" आणि आयव्ही म्हणाली, "ऐकू नाही आलं मला. पण ओठ वाचले. बरोबर बोलला."

सोमवारी फेल्प्सनी त्याला बोलावलं. लिंबू या वेळी आख्खं गेलं होतं. टेडचं दुकान, टेडचा संसार, सगळं आवरायचं ठरलं होतं. टेड आपल्याच दुकानातल्या खोलीएवढ्या शीतकपाटात अडकून गारठून मरणार होता.

"मटणाचं कारण आहे की विल्फचं?" क्लिफर्डने विचारलं.

"मालिकेच्या दृष्टीने ताजेपणा हवाय," फेल्प्स म्हणाले.

"शीतकपाटात घालताय म्हणजे ताजाच राहीन."

फेल्प्स हसले नाहीत. ते कधीच हसत नसत.

सगळ्यात जास्त भडकली ती ग्लेनिस हार्डकासल. आयरीनचं काम करणारी, म्हणजे तेरा वर्षांची त्याची पडद्यावरची बायको. सिगारेट आणि शिव्या या दोन गोष्टी तिने कधीच मोजून वापरल्या नाहीत. "विधवा करतायत मला, मेले!" ती म्हणाली. "मला विचारलं कुणी?" मरणाचा प्रसंग चित्रित व्हायच्या दिवशी ती अगदी शांत होती, आणि तिथेच क्लिफर्डला शंका यायला हवी होती.

दृश्य असं: टेडचा निष्प्राण देह फरशीवर, भुवयांवर खोटा बर्फ, आयरीन त्याच्या छातीवर डोकं ठेवून हंबरडा फोडते. कॅमेरा जवळ आला. ग्लेनिस कोसळली, ढसाढसा रडली, काय रडली! आणि रडता रडता तोंड त्याच्या कानाशी नेऊन तिने फेल्प्सबद्दल असं एक वाक्य कुजबुजलं की ते इथे छापता येणार नाही. क्लिफर्डने जीव खाऊन ओठ आवळले. ओठ राहिले. पण उजवा डोळा मिचकावला गेला.

एकदाच, पण चांगला ठसठशीत.

सेटवर कुणाच्याच ध्यानात आलं नाही. संकलकाच्या टेबलावर आलं असणारच. तो संकलक म्हणजे पन्नाशीचा, अबोल, बो-टाय लावणारा गृहस्थ. क्लिफर्डची आणि त्याची कधी दोन वाक्यांपलीकडे ओळख नव्हती. त्याने ते कापलं नाही. का कापलं नाही, हे त्याने कधी सांगितलं नाही, आणि क्लिफर्डने विचारलं नाही.

मे महिन्यात, तो कायदा लागू झाला त्याच आठवड्यात, देशाने टेड सोअरबीला मरताना पाहिलं, आणि मेल्यावर डोळा मारताना पाहिलं. फोनच्या तारा तापल्या. स्टुडिओने खुलासा केला की थंडीने स्नायू आखडतात. डॉक्टरांची पत्रं आली की मेलेल्याचे आखडत नाहीत, निदान एकाच बाजूचे नाहीत. पबांत पैजा लागल्या. खाटीक संघाच्या नॉर्मन ग्रिमशॉने पत्रक काढलं की शीतकपाटात आतून उघडायची मूठ असते, हे प्रत्येक खाटकाला माहीत असतं, तेव्हा हा मृत्यू संघाला मान्य नाही.

मालिकेत टेड काही परत आला नाही. क्लिफर्डला टीव्हीवर पुन्हा तसं मोठं कामही मिळालं नाही. एखादा न्यायाधीश, एखादा संशयित माळी, जाहिरातीतला आवाज. पोटापाण्याला नाताळच्या गंमतनाट्यांत लुगडी नेसायचं, म्हणजे झगे घालून विनोदी म्हातारी व्हायचं काम मिळे आणि ते तो झकास करी. उरलेलं वर्ष विल्फच्या जुनाट गाडीतून गावोगाव. नगरभवनं, वाचनालयं, कामगारांचे क्लब. क्लिफर्ड बोलायचा आणि विल्फ शेवटच्या रांगेत घड्याळ घेऊन बसायचा. वीस मिनिटं झाली की खोकायचा. शाळांचे पियानो गेले, पण पबवाल्यांनी विल्फला हात दिला. दारुड्यांनी बडवलेल्या पियानोला तसंही वर्षाला चारदा माणूस लागतो. काही गावांत सभेला अंडी आली. एका गावात तर कोबीच फेकला, आणि क्लिफर्डने तो झेलून घरी आणला, सूप केलं. स्कंथॉर्पच्या सभेला पहिल्या रांगेत एक म्हातारा बसचालक बसला होता, मांडीवर एका माणसाचा फोटो घेऊन, फोटोचं तोंड बाहेर, सगळ्यांना दिसेल असं करून. क्लिफर्डला त्या दिवशी वीस मिनिटंही बोलता आलं नाही.

कायदा रद्द व्हायला पंधरा वर्षं लागली. २००३ साल. आयव्ही तोवर गेली होती, एक्क्याण्णव वर्षांची होऊन. क्लिफर्ड सदुसष्ट, विल्फ सत्तरीचा. कायदा उठला त्या दिवशी दुपारी फोन वाजला. एका वर्तमानपत्राची मुलगी होती, आवाजावरून बावीस-तेवीसची.

"मिस्टर एन्टविसल, आजच्या निर्णयावर तुमची प्रतिक्रिया हवी होती."

क्लिफर्डने घसा साफ केला. या वाक्यासाठी तो पंधरा वर्षं तयार होता. आरशासमोर म्हणून पाहिलं होतं, आंघोळीत म्हणून पाहिलं होतं. तो उभा राहिला आणि बोलू लागला, खर्जात, एकेक शब्द तोलून. दोन मिनिटांनी पलीकडून अडखळत प्रश्न आला.

"सॉरी हं, एक विचारू? म्हणजे, खरंच असा कायदा होता? शाळेत नुसतं बोलायलासुद्धा बंदी? आमच्या ऑफिसात कुणालाच नीट माहीत नाही. मला वाटलं मी काहीतरी चुकीचं वाचतेय."

क्लिफर्ड गप्प झाला. विल्फने पेपरावरून मान वर केली. "काय झालं? फोन कापला?"

"नाही," क्लिफर्ड म्हणाला, हाताने फोन झाकून. त्याचा चेहरा असा उजळला होता की विल्फला वाटलं, मोठं बक्षीसच लागलं. "तिचा विश्वासच बसत नाहीये, विल्फ. तिला वाटतंय असं असूच शकत नाही!"

"मग सांग की तिला," विल्फ म्हणाला आणि चहाचं आधण ठेवायला उठला. "आणि या वेळी माझं नाव घालायचं असेल, तर मला आधी विचार."

"घालू?"

"घाल. स्पेलिंग नीट सांग. मागच्या वेळी सगळ्यांनी चुकीचं छापलं होतं."